खाली यायची परवानगी

“वरचा बोलतोय. पाच मिनिटं खाली यायचंय.”

वॉकीटॉकीवर थोडी खरखर झाली आणि मग झेंड्याचा आवाज आला. “पुन्हा? अरे वरच्या, आत्ता तर चढलास की! अजून नऊ वाजले नाहीत.”

“यायचंय म्हणतोय ना.”

“ये बाबा, ये. तीन ट्रक उभे आहेत, त्यांची समजूत घालतो. वरच्याच्या मर्जीपुढे आपलं काय चालतंय?”

अख्ख्या यार्डाला चॅनेल एकच. गेटवरचा वॉचमन, वजनकाट्यावरचा कारकून, पलीकडच्या क्रेनवरचे दोघे, सगळ्यांनी ते ऐकलं. कुणीतरी बटण दाबून नुसतं हसलं आणि बटण सोडून दिलं.

वॉकीटॉकीवर परवानगी मागणारे ते सव्वीस वर्षं कंटेनरच्या त्या यार्डात क्रेन चालवत होते. जमिनीपासून अडतीस मीटर वर काचेची केबिन, आणि तिथवर जायला एकशे बेचाळीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. नवी पोरं त्यांना आदराने ‘वरचे’ म्हणत. ‘वरच्यांच्या मनात येईल तेव्हा पेटी उतरेल’ हा यार्डातला जुना विनोद होता आणि त्यांना तो मनातून आवडायचा. नऊ टनांची पेटी दुसऱ्या पेटीवर ते अशी ठेवत, की बशीवर कप ठेवल्याइतकाही आवाज होत नसे. बाकी आयुष्यात मिरवावं असं फारसं काही नव्हतं. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेलेली. बायको शाळेच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघायची. दोन खोल्यांचं घर होतं आणि सत्तावन्न वर्षांचं, आत्ताआत्तापर्यंत कधी कुरकुर न केलेलं शरीर होतं.

सहा महिन्यांपासून मात्र ते कुरकुर करायला लागलं होतं. तासाला दोनदा खाली उतरायचं, पत्र्याच्या संडासात भिंतीला हात टेकून उभं राहायचं, वाट बघायची, आणि चार थेंबांवर समाधान मानून पुन्हा एकशे बेचाळीस पायऱ्या. चौथ्या फेरीला गुडघे लटपटायचे. खालच्यांच्या जिभा तर केव्हाच सुटल्या होत्या.

म्हणून त्यांनी रुंद तोंडाची एक प्लास्टिकची बरणी जॅकेटमध्ये गुंडाळून वर नेली. केबिनला चारही बाजूंनी काच होती आणि पायाखालीही काचच, लोंबकळणारा माल दिसावा म्हणून. त्या काचेवर जॅकेट अंथरून, कुणी वर बघत नाही ना याची खात्री करून ते चोरासारखे उभे राहायचे. दहा दिवस निभावलं. अकराव्या दिवशी वाऱ्याचा झोत आला, केबिन हलली आणि बरणी कलंडली.

“वरच्या,” झेंड्या सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, “तुझ्या केबिनमधून काहीतरी गळतंय. माझ्या हेल्मेटवर पडलं. तेल आहे का? मेकॅनिकला वर पाठवू?”

“नको, नको! चहा सांडलाय.”

“चहा? एवढा?”

“थर्मास फुटला.”

त्या दिवशी डबा पुसायचं फडकं, हातरुमाल, अंगातला बनियन, जे हाती लागलं त्याने त्यांनी गुडघ्यावर बसून काच पुसली. काचेखाली झेंड्या हेल्मेट काढून बाहीने पुसताना स्पष्ट दिसत होता. एकोणीस वर्षांपासूनचा जोडीदार. आडनाव झेंडे, आणि वॉकीटॉकी यायच्या आधी तो लाल-हिरव्या झेंड्यांनी इशारे द्यायचा, म्हणून झेंड्या. त्याच्या हाताकडे बघून यांनी हजारो पेट्या उतरवल्या होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं माणसं म्हणतात, पण यांच्या पायाखाली धरणीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं, “लघवीचा जरा त्रास आहे. डॉक्टरकडे जाऊन येतो.” ती म्हणाली, “मीही येते,” आणि नको म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतलं, आणि रिपोर्ट आल्यावर पडद्याआड नेऊन कुशीवर वळायला सांगितलं, हातमोजा चढवला. “जरा अवघडल्यासारखं होईल.” मिनिटभराचं काम, पण त्या मिनिटात वरच्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे रविवार मोजले. पडद्याच्या पलीकडे बायको बसलेली होती. तिला सगळं ऐकू जात असणार, हातमोजा ओढल्याचा आवाजसुद्धा.

“प्रोस्टेटला एका बाजूला गाठ लागतेय,” डॉक्टर टेबलाशी येऊन म्हणाले. “रक्तातला आकडाही वाढलेला आहे. कॅन्सर असेलच असं मी म्हणत नाही. पण तुकडा काढून तपासायला लागेल. पुढच्या गुरुवारी करू. तोवर ही गोळी रोज घ्या, धार मोकळी होईल. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, सांभाळून.” मग कागदावरची मान वर न करता त्यांनी विचारलं, “संबंधांच्या बाबतीत काही अडचण?”

वरच्यांच्या कानशिलांत झणझणलं. “नाही,” ते म्हणाले. “सगळं व्यवस्थित.”

बायकोने पर्सचा चाप उघडला, बंद केला.

व्यवस्थित काही नव्हतं. दोन वर्षं झाली होती. सुरुवातीला दोन-तीनदा फजिती झाली, तेव्हा ते ‘दमलोय’ म्हणाले. मग दमणं रोजचं झालं. मग पहाटेच्या पाळीचं निमित्त काढून, ‘तुझी झोप नको मोडायला’ म्हणत ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. ती एकदाही ‘का’ म्हणाली नाही. तिने विचारलं नाही हेही त्यांना टोचायचं, आणि ती विचारेल अशी धास्तीही वाटायची.

“कॅन्सर निघालाच आणि ऑपरेशन करावं लागलं,” डॉक्टर सांगत होते, “तर त्या भागातल्या नसा फार जवळून जातात. वाचवायचा प्रयत्न करतोच आम्ही. पण त्या बाबतीत फरक पडू शकतो. आधी कल्पना दिलेली बरी.”

परतताना बसमध्ये बायको म्हणाली, “आधी काय निघतंय ते तर बघू. बाकीचं काय घेऊन बसायचं?”

तिने धीर द्यायला म्हटलं होतं. त्यांना मात्र ‘बाकीचं’ एवढाच शब्द ऐकू आला. अडगळीत टाकायच्या सामानाला म्हणावं तसा.

गुरुवार जवळ येत चालला तसा त्यांच्या मनाने एकच हट्ट धरला. कॅन्सरपेक्षाही तो विचार जास्त छळायला लागला. एकदा. डॉक्टरांच्या हाती जायच्या आधी निदान एकदा. नाहीतर शेवटचं कधी झालं होतं तेही आठवत नव्हतं, आणि जे आठवत होतं ते आठवू नये असं होतं.

सोमवारी ते घरापासून चार थांबे लांबच्या औषधाच्या दुकानात गेले. गर्दी ओसरेपर्यंत खोकल्याच्या औषधांच्या फळीपुढे उभे राहिले. मग काउंटरवर वाकून हळूच काय हवं ते म्हणाले.

“चिठ्ठी?” दुकानदाराने विचारलं. तो जावयाच्या वयाचा होता.

“विसरला तो. मित्रासाठी हवीय.”

“मित्राला दुसरं काही चालू आहे का? रक्तदाबाचं, लघवीचं?”

“नाही.”

दुकानदाराने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. हसला नाही. “दीड दिवस असर राहतो हिचा. दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील तर घेऊ नका म्हणावं मित्राला,” असं म्हणून त्याने कागदी पाकीट पुढे सरकवलं.

मंगळवारी पहिली पाळी आटोपून ते तीनच्या सुमारास घरी आले. बायको चारला यायची. त्यांनी अंघोळ केली, सकाळी केलेली दाढी पुन्हा केली, मुलीने दिलेला आकाशी शर्ट काढला. बाहेरच्या खोलीतली उशी उचलून आतल्या पलंगावर ठेवली. लांबून बघितली, बरी दिसली. मग पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे खुर्चीत बसून राहिले.

बायको आली ती हातात भली मोठी पिशवी घेऊन. “गुरुवारची रजा टाकली. आणि हे बघा, येता येता घेतलं.” पिशवीतून दोन सैल नाडीचे पायजमे निघाले, आणि त्यांच्याखाली घडी घातलेलं रबरी कापड. “गादीवर घालायला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या ह्यांची अशीच तपासणी झाली तेव्हा चार दिवस थेंब थेंब–”

“तू शाळेत सांगितलंस?”

“एकीलाच सांगितलं. तिला अनुभव आहे म्हणून–”

“सगळ्या गावाला सांग! फळ्यावर लिही! रबरी कापड? मी काय तान्हं मूल आहे?”

त्यांनी ते कापड हिसकावून कोपऱ्यात भिरकावलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. बायको जागच्या जागी उभी राहिली. मग वाकून तिने कापड उचललं, घडी घातली आणि हळूच म्हणाली, “शर्ट का बदललात? कुठे जायचंय का?”

“कुठे नाही.”

ती आत गेली. तिला पलंगावरची उशी दिसली असणार. चुकून राहिली असं समजून तिने ती बाहेर आणून ठेवली आणि स्वयंपाकाला लागली.

आणि नेमकं तेव्हाच, दोन वर्षांत पहिल्यांदा, शरीराने ओळख दाखवली. चेहरा तापला होता, डोकं ठणकत होतं आणि आकाशी शर्टातले वरचे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली एकटे बसले होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता. उठून आत जायला सात पावलं लागली असती. ते गेले नाहीत. जाऊन म्हणायचं काय? आत्ताच जिच्यावर ओरडलो, तिला कुठल्या तोंडाने जवळ ओढायचं? अंधार पडेस्तोवर ते पेपरचं एकच पान पुढ्यात धरून बसून राहिले.

बुधवारी सकाळी बायकोने नेहमीसारखा नाश्ता वाढला, त्यांनी तो संपवला. दोघांत ‘हवं का’ आणि ‘नको’ एवढंच बोलणं झालं. त्यांनी डॉक्टरांची गोळी घेतली, डबा उचलला आणि कामावर गेले.

शिडीवर शंभराव्या पायरीला त्यांना थोडं हलकं हलकं वाटलं. झोप झाली नाही म्हणून असेल, असं ते मनाशी म्हणाले. सकाळचं काम नीट झालं. दहाच्या सुमाराला ट्रकवरची पेटी उचलली, वळवली, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे आणली; पट्ट्यापलीकडची जागा माणसांची. खाली झेंड्या हात हलवत होता. “सावकाश… सावकाश… थांब. वरच्या, थांब म्हणतोय!”

पायाखालच्या काचेत त्यांना झेंड्याच्या जागी दोन माणसं दिसली. मग चार. मग कडेने काळं काळं आत येत गेलं, आणि झेंड्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला. पेटी पट्टा ओलांडून गेली होती. उरल्यासुरल्या शुद्धीत त्यांनी एवढंच केलं, दोन्ही लिव्हर सोडून दिले. लिव्हर सुटले की क्रेन आपोआप थांबते. ती थांबली, पण नऊ टनांची पेटी झोक्यासारखी झुलत गेली आणि शेजारच्या रांगेवर आदळली. तो आवाज अख्ख्या यार्डात घुमला.

त्यांची नजर साफ झाली तेव्हा खाली पिवळं हेल्मेट एकटंच घरंगळत चाललं होतं.

झेंड्या वाचला. त्याने वेळेवर उडी मारली होती. क्रेनच्या रुळांवर पडून उजवं मनगट मोडलं, तेवढंच. वरच्यांना दोघांनी कमरेला पट्टा बांधून खाली उतरवलं. प्रथमोपचाराच्या खोलीत रक्तदाब फार खाली गेलेला निघाला.

“सकाळी काही खाल्लं होतं का?” तिथल्या माणसाने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “उपाशी होतो.” ते वाक्य तोंडातून आपसूक गेलं. सगळ्यांच्या माना डोलल्या. वय झालं, उपाशी पोटी एवढं चढायचं म्हणजे काय!

दुपारी सुपरवायझर येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसला. “तुम्ही काळजी करू नका. तुमच्यावर काही येणार नाही. मी तसं तोंडी कळवलंय. झेंडेच उभा होता चुकीच्या जागी, पेटीखाली. इशाराही उशिरा दिला. मागे एकदा त्याला लेखी ताकीद झालेलीच आहे. आता घरी बसवतील त्याला. मॅडम तुमचा जबाब घेतील, दोन ओळींचं काम आहे.”

झेंड्याच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. आणि तो बरोबर जागी उभा होता. पट्टा त्याने नाही, पेटीने ओलांडला होता.

वरच्यांनी “आलोच” म्हणून पत्र्याचा संडास गाठला. या वेळी लघवी लागलेली नव्हती. कडी लावून ते नुसते उभे राहिले. दोन ओळींचं काम. उपाशी होतो, चक्कर आली, आणि पुढचं त्याचं तो बघेल. उद्या तर सुईखाली जायचंय, आपलंच काय होणार ठाऊक नाही, तिथे दुसऱ्याची… बाहेरून कुणीतरी दार वाजवलं तेव्हा ते निघाले.

सुरक्षा अधिकारी मॅडम तिशीतल्या. यार्डात येऊन वर्षही झालं नव्हतं. शेजारी कारकून टाइप करायला बसला होता.

“तुमचं म्हणणं सांगा.”

“झेंडेची चूक नाही,” वरचे म्हणाले. “तो पट्ट्याच्या बाहेर होता. ‘थांब’ म्हणून त्याने दोनदा सांगितलं. मला दिसेनासं झालं होतं. आणि मी उपाशी नव्हतो. खोटं बोललो मी.”

“मग चक्कर कशाने आली?”

“गोळी घेतली होती.”

“कसली?”

कारकुनाची बोटं थांबली होती. वरचे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. “एक लघवीची. ती डॉक्टरांनीच दिलीय. आणि काल दुपारी एक… दुसरी घेतली. विचारून नव्हती घेतली.”

“दुसरी कशाची? मला नाव लिहावं लागेल.”

त्यांनी नाव सांगितलं. मॅडमना ते नीट ऐकू आलं नाही. “पुन्हा सांगता?” त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तिसऱ्या अक्षराला कारकुनाच्या लक्षात आलं. त्याने ओठ आत दुमडून घेतले.

“तुम्ही जरा बाहेर जा,” मॅडम कारकुनाला म्हणाल्या. “मी टाइप करते.”

तो गेल्यावर त्यांनी उरलेली अक्षरं स्वतः टाइप केली. त्यांना फार सवय नव्हती, एका बोटाने चालल्या होत्या. “लघवीची गोळी कशासाठी चालू आहे?” त्यांनी स्क्रीनकडेच बघत विचारलं.

“कॅन्सर आहे का बघतायत. उद्या तपासणी आहे.” आणि मग न विचारताच ते बोलून गेले, “म्हटलं, त्याच्या आधी… एकदा…”

“तेवढं लिहायची गरज नाही,” मॅडम म्हणाल्या. “क्रेनवर मात्र मला तुम्हाला चढू देता येणार नाही.”

“ते माहीत आहे.”

त्यांनी जबाबाखाली सही केली.

कारकुनाने आपलं काम चोख केलं असणार, कारण ते गेटवर पोचेपर्यंत वॉचमन नको तितक्या आदराने उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या पाठीमागे दोघेजण भिंतीकडे तोंड करून हसत होते. वरचे त्यांच्यासमोरून चालत गेले. आज ना उद्या घरीही कळणार होतं. शाळेतल्या त्या बाईंचा नवराही यार्डातल्या कुणाकुणाला ओळखत असेल.

बायको नुकतीच येऊन पाय धूत होती. त्यांनी मोरीच्या दाराशी उभं राहूनच सगळं सांगितलं. गोळी, दुकान, मित्र, आकाशी शर्ट, उशी, पेटी, झेंड्याचं मनगट. ती नळ बंद करायचं विसरली होती.

“म्हणजे काल…” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी रबरी कापड घेऊन आले.”

“तुला काय माहीत?”

तिने नळ बंद केला. दाराची चौकट धरून ती त्यांना अपेक्षाच नव्हती अशी रागावली. “दोन वर्षं! दोन वर्षं तुम्ही दमलात म्हणताय. माझं ऑपरेशन झालं, पिशवी काढली, त्यानंतरच तुम्ही बाहेर झोपायला लागलात. मी काय समजायचं? मला वाटलं, मीच नको झालेय. आत काही उरलं नाही म्हणून तुम्हाला किळस येते माझी.”

“किळस? तुझी?”

“मग काय! कपडे बदलतानासुद्धा मी दार लावून घ्यायला लागले, तुमच्या लक्षात तरी आलं का? डॉक्टरांपुढे ‘सगळं व्यवस्थित’ म्हणालात, तेव्हा मला वाटलं, बाहेर कुणी आहे की काय ह्यांची!”

त्यांना एकदम हसू आलं. “अडतीस मीटरवर कोण भेटणार मला?”

ती हसली नाही. पदराने डोळे पुसत म्हणाली, “मला वाटायचं, मी विचारलं तर तुम्हाला लाज वाटेल. म्हणून विचारलं नाही.”

“मला वाटायचं, तू विचारलंस तर मी मरेन.”

“आणि मेले असते झेंडेभाऊजी.”

ते खाली बसले. काही वेळाने तीही त्यांच्या शेजारी येऊन टेकली, ओले पाय तसेच ठेवून. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही, पण उठलंही कुणी नाही.

तपासणी झाली. पायजमे उपयोगाला आले, रबरी कापडही आलं. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्यातल्या एका संध्याकाळी झेंड्या मोडका हात गळ्यात अडकवून दारात उभा राहिला. बायकोने चहा टाकला.

“माझ्या डोक्यावर नऊ टन लोंबकळत होते,” तो बसायच्या आधीच म्हणाला, “आणि तू कुठली गोळी घेऊन वर बसला होतास! मला काय झालं असतं तर माझ्या बायकोला काय सांगितलं असतंस?”

“चूक झाली.”

“चूक! एकोणीस वर्षं तुझ्या पेटीखाली उभा राहतोय मी. कशाच्या भरवशावर?”

झेंड्या आणखी बराच वेळ बोलला. बोलून दमल्यावर त्याने डाव्या हाताने कप उचलला, चहा बशीत सांडला. मग बशीकडेच बघत म्हणाला, “त्या दिवशी वरून पडलं, तो चहा नव्हता ना?”

“नाही.”

“मला कळलं होतं. वासाने कळतंच की.” त्याने कप खाली ठेवला. “मी कुणाला बोललो नाही. पण चॅनेलवर तुझी रोज खेचत होतो, ती काही थांबवली नाही. एकदा वर येऊन विचारायला हवं होतं. एकशे बेचाळीस पायऱ्यांचा कंटाळा केला मी.”

जाताना त्याने माफ केलं असं काही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात प्लास्टर बदलायला दवाखान्यात सोबत ये, एवढं सांगून गेला.

रिपोर्टात कॅन्सर निघाला. पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी ऑपरेशन करावं असं सांगितलं. या वेळी बायकोनेच खुर्ची पुढे ओढून विचारलं, “ह्यांना दोन वर्षांपासून त्रास आहे. त्या वेळी खोटं सांगितलं आम्ही. ऑपरेशननंतर ते अगदीच संपेल का? स्पष्ट सांगा.” शेवटचे शब्द बोलताना तिचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला होता, पण तिने नजर खाली घेतली नाही.

“संपेलच असं नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण पूर्वीसारखं होईल, असं वचन मी देणार नाही.”

यार्डाने त्यांना खालचं काम दिलं. साखळ्या नि हूक तपासून वहीत नोंद करायची. त्यांची केबिन दुसऱ्या कुणाला मिळाली. साखळ्या तपासताना डोक्यावरून पेटी गेली, की तिच्या नुसत्या आवाजावरून त्यांना समजायचं, हात थोडा घाईचा आहे. ते मान वर करत नसत.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स संमतीचा कागद घेऊन वॉर्डात आली. वरच्यांनी तो वरवर वाचला आणि दाखवलेल्या जागी सही केली.

“नातेवाइकांची सही इथे खाली,” नर्स म्हणाली.

बायकोने चष्मा लावला. “थांबा हं, मला वाचायला वेळ लागतो.”

वाचनालयात नव्या पुस्तकाच्या नोंदी तपासाव्यात तशी ती एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. भूल. रक्तस्राव. जंतुसंसर्ग. लघवीवर ताबा न राहण्याची शक्यता. त्याच्या खालच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. वरच्यांना उशीवरून ती ओळ उलटी दिसत होती, पण कुठली ते त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस इकडेच बघत होता. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

“काही समजलं नाही का?” नर्सने विचारलं.

“समजलं,” बायको म्हणाली.

तिचं बोट अजून थोडा वेळ तिथेच राहिलं. मग ते पुढच्या ओळीवर गेलं. कागदाच्या शेवटापर्यंत तिने सगळं वाचलं, त्यांच्या सहीखाली आपलं पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर वळवून लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला.